सुटे भाग की सुटी केलेली गाडी? शेंद्र्याचं सीमाशुल्क प्रकरण

३० सप्टेंबर २०२४ या तारखेची एक कारणे दाखवा नोटीस महाराष्ट्रातल्या सीमाशुल्क आयुक्तालयातून शेंद्र्याला कारखाना असलेल्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया या कंपनीला गेली. मागणी साधारण १.४ अब्ज डॉलरची. आयात कराच्या वादात एवढा आकडा आपल्याकडे क्वचितच दिसतो. आरोप मात्र चहा पिता पिता सांगून होईल इतका सरळ आहे. कंपनीने वर्षानुवर्षं जवळपास अख्ख्या गाड्या सुट्या करून देशात आणल्या आणि कागदावर त्यांना नुसते सुटे भाग म्हटलं. गाडीच्या किटवर, म्हणजे जोडायच्या सुट्या गाडीच्या संचावर, ३० ते ३५ टक्के मूळ सीमाशुल्क बसतं, सुट्या भागांवर ५ ते १५. कंपनीने खालचा दर भरला, असं विभागाचं म्हणणं. कंपनीने आरोप फेटाळला आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

विभागाचा हिशेब असा आहे: २०१२पासून आयात शुल्क आणि त्याला जोडून येणारे इतर कर मिळून २.३५ अब्ज डॉलर यायला हवे होते, आले ९८.१ कोटी डॉलर. फरक १.३६ अब्जांचा. त्यावर दंड आणि व्याज चढवलं तर बोजा २.८ अब्जांपर्यंत जातो. याच कंपनीची २०२३-२४ मधली भारतातली विक्री होती २.१९ अब्ज डॉलर आणि निव्वळ नफा १.१ कोटी डॉलर. म्हणजे नुसती शुल्काची मागणीच एका वर्षाच्या नफ्याच्या शंभरपटीहून जास्त. 'हा आमच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे' असं कंपनीने कोर्टात सांगितलं तेव्हा ते वकिली थाटाचं वाटू शकतं, पण हे आकडे शेजारी ठेवले की तसं वाटत नाही.

आकड्यापेक्षा मला यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. माल 'एकत्र' आला असं कधी म्हणायचं? तो बंदरात एकाच वेळी उतरला तर? एकाच बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातदार सीमाशुल्काला देतो त्या मालाच्या कागदावर, असला तर? की परदेशातल्या संगणकावर एका गाडीची ऑर्डर पडली, त्याच क्षणी तो एकत्र झाला? कायद्याने, म्हणजे कोर्टांच्या निकालांनी, आजवर बंदर आणि बिल ऑफ एंट्री हीच मोजपट्टी धरली आहे. या नोटिशीत विभाग ती मोजपट्टी ऑर्डरपर्यंत मागे खेचू पाहतो आहे. सगळं प्रकरण या एका खेचाखेचीभोवती फिरतं.

दराची उतरंड

परदेशातून गाडी आणण्याचे कायद्याच्या नजरेत ढोबळ चार प्रकार होतात. पूर्ण तयार गाडी, म्हणजे सीबीयू: तिच्यावर किमतीनुसार आणि इंजिनाच्या क्षमतेनुसार ६० टक्के किंवा १०० टक्के मूळ शुल्क बरीच वर्षं होतं. २०२३च्या अर्थसंकल्पात त्यातला ६०चा दर ७० झाला. त्याखाली किट, आणि किटचेही दोन प्रकार. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्समिशन यांतलं काहीही आधीच जुळवलेलं नसेल, तर १५ टक्के. यांतला एखादा घटक जुळवून तयार आहे, पण तो चॅसीवर किंवा बॉडीवर बसवलेला नाही, तर ३० टक्के; २०२३पासून ३५. सगळ्यात खाली सुटे भाग. २०१८पासून त्यांतल्या बहुतेकांवर १५ टक्के आहे, काहींवर त्याहून कमी.

ऑक्टोबर २०२५पर्यंत लागू असलेल्या अधिसूचना ५०/२०१७ मध्ये अनुक्रमांक ५२६ला ही किटची व्याख्या होती. ती वाचताना मोटारधंद्यातल्या माणसाला थोडं हसू येईल. इंजिन पिस्टन, क्रँक, हेड असं सुटं सुटं आणून इथे जुळवणारी मोटार कंपनी शोधूनही सापडणं कठीण. इंजिन तयारच येतं. म्हणजे १५ टक्क्यांची पायरी बरीचशी कागदावर आहे आणि खरा व्यवहार ३० किंवा ३५च्या पायरीवर होतो. वर्तमानपत्रं त्याला सीकेडी (पूर्ण सुटी केलेली गाडी) म्हणतात, अर्थसंकल्पाच्या कागदांत त्याच दराला एसकेडी (अर्धवट सुटी केलेली) म्हटलं जातं, आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

ही व्याख्या आली २०११-१२च्या अर्थसंकल्पात. तोवर सीकेडी म्हणजे काय हे फारसं कुणी खोलात जाऊन विचारत नव्हतं. किट म्हटलं की सवलतीचा दर मिळायचा. त्या फेब्रुवारीत अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी जुळवलेलं इंजिन किंवा गिअरबॉक्स असलेली किटं सवलतीतून बाहेर काढली. त्यांच्यावर थेट पूर्ण गाडीचा ६० टक्के दर पडणार होता. कंपन्यांनी गलका केला आणि मार्चमध्येच तो ३०वर आला. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक लाख रुपये असेसेबल व्हॅल्यू, म्हणजे शुल्क ज्यावर मोजतात ती किंमत, असलेला माल धरू. फेब्रुवारी २०२३ नंतरचा आणि सप्टेंबर २०२५ मधल्या जीएसटी बदलांच्या आधीचा. सुटे भाग म्हणून आला तर मूळ शुल्क १५,००० रुपये, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १,५०० रुपये. झाले १,१६,५००. त्यावर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, ३२,६२० रुपये. बंदरात एकूण भरायचे ४९,१२० रुपये. तोच माल जुळवलेलं इंजिन असलेलं किट ठरला, तर मूळ शुल्क ३५,०००, अधिभार माफ, आयजीएसटी ३७,८००. वर, वर्गीकरणच 'मोटारगाडी' म्हणून झाल्यामुळे भरपाई उपकर. मोठ्या एसयूव्हीला तो २२ टक्के होता, म्हणजे २९,७००. बेरीज १,०२,५०० रुपये. मालाच्या किमतीपेक्षा कर जास्त.

पण ही बेरीज फसवी आहे. आयजीएसटी आणि उपकर यांचं क्रेडिट उत्पादकाला मिळतं. गाडी विकताना तो ते वळतं करतो. परत न मिळणारा खर्च म्हणजे मूळ शुल्क आणि अधिभार: भाग असतील तर १६,५००, किट असेल तर ३५,०००. लाखामागे साडेअठरा हजारांचा हा फरक वादाचा गाभा आहे. घरच्या गाडीसाठी परदेशातून सायलेन्सर मागवणाऱ्याला क्रेडिट वगैरे काही नसतं. त्याच्यासाठी ४९,१२०चा पूर्ण आकडा हाच खर्च. २२ सप्टेंबर २०२५पासून वाहनांच्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि गाड्यांवरचा भरपाई उपकर गेला, त्यामुळे आजची बेरीज वेगळी येईल. वाद आहे तो आधीच्या वर्षांचा, म्हणून जुना हिशेब मांडला.

शेंद्र्याला काय येत होतं

या समूहाचे महाराष्ट्रात दोन कारखाने आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा, २००१पासूनचा. चाकणला फोक्सवॅगनचा, २००९ मध्ये सुरू झालेला. २०१९ मध्ये भारतातल्या कंपन्या एकत्र होऊन आजचं लांबलचक नाव आलं. चाकणला कुशाक, स्लाव्हिया, टायगुन, व्हर्टस अशा भारतासाठीच बेतलेल्या गाड्या बनतात आणि त्यांत देशी मालाचा वाटा मोठा. नोटिशीचा रोख त्यांच्यावर नाही. तो सुपर्ब, कोडियाक, टिग्वान, ऑडी ए४ आणि क्यू५ यांच्यासारख्या महाग, कमी संख्येने विकल्या जाणाऱ्या आणि बाहेरून आलेल्या भागांवर उभ्या असणाऱ्या गाड्यांवर आहे.

२०२२ मध्ये तपास अधिकाऱ्यांनी कंपनीच्या तीन ठिकाणांची झडती घेतली. त्यांतले दोन हे कारखाने. तिथून जे हाती लागलं त्याचा गाभा एक सॉफ्टवेअर आहे. विभागाच्या म्हणण्यानुसार काम असं चालायचं: भारतातून ठरावीक मॉडेलच्या ठरावीक संख्येच्या गाड्यांची मागणी त्या प्रणालीत भरली जाई. प्रणाली त्या मागणीची फोड करी. मॉडेलप्रमाणे एका गाडीमागे साधारण ७०० ते १,५०० भाग. ते भाग जर्मनी, चेक प्रजासत्ताक, हंगेरी, मेक्सिको अशा वेगवेगळ्या देशांतल्या पुरवठादारांकडून निघत, त्यांची इन्व्हॉइसं वेगळी, कंटेनर वेगळे, आणि ते भारतातल्या बंदरात साधारण एकाच सुमारास पोचत. बिल ऑफ एंट्री भरताना प्रत्येक भाग दरपत्रकातल्या आपापल्या शीर्षकाखाली जाई: दाराचं पॅनेल एकीकडे, वायरिंग हार्नेस दुसरीकडे, इंजिन तिसरीकडे. कुठल्याही एका कागदावर 'सुपर्ब' ही गाडी म्हणून दिसणार नाही.

विभागाला हा बनाव वाटतो. मागणी गाडीची, मग आयात भागांची कशी?

कंपनीचं उत्तर दोन पदरी आहे. पहिलं, आम्ही किट आणतच नाही. भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, त्यांत स्थानिक भाग मिसळतात, आणि एका गाडीचे सगळे भाग एका खोक्यात बांधलेले नसतात. शेंद्र्याच्या लाइनवर कुठला भाग कुठल्या गाडीत जाईल हे तिथे ठरतं. दुसरं, ही पद्धत मालाची ने-आण आणि साठवण सोपी व्हावी म्हणून आहे, कर वाचवण्यासाठी नाही. दुसऱ्या उत्तरावर विभागाने चांगलाच टोला दिला: मालवाहतूक हा या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत छोटा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा टप्पा आहे, आणि ही कंपनी काही वाहतूक कंपनी नव्हे. टोला बरोबर असला तरी त्याने फार काही सिद्ध होत नाही. कर कमी बसेल अशी कायदेशीर पद्धत निवडणं हा गुन्हा नाही. पद्धत कायदेशीर होती का, एवढाच प्रश्न उरतो.

मोपेड, फोटोकॉपी यंत्र, टीव्ही

हा प्रश्न मुंबई बंदराने फार पूर्वी पाहिला आहे. १९५०च्या दशकात तारा​चंद गुप्ता अँड ब्रदर्स या फर्मने मोटरसायकल आणि स्कूटरच्या सुट्या भागांच्या परवान्यावर माल आणला. तो दोन खेपांत उतरला. अधिकाऱ्यांनी दोन्ही खेपा मांडून पाहिल्या आणि म्हणाले, हे तर सुट्या केलेल्या 'रिक्से' बनावटीच्या ५१ मोपेड आहेत. टायर, ट्यूब आणि सीट एवढंच नव्हतं. परवाना भागांचा, माल गाडीचा, म्हणून दंड. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात १९७१ मध्ये निकाली निघालं आणि आयातदार जिंकला. न्यायालयाचं म्हणणं असं की परवाना ज्या नोंदीखाली दिला आहे त्या नोंदीत हे भाग बसतात का, एवढंच कलेक्टरने बघायचं. दोन खेपा जोडून त्यातून काय उभं राहतं याची कल्पना करून दुसरी नोंद आयातदाराच्या माथी मारायची नाही.

तेव्हा मात्र आजचा अर्थनिर्णयाचा नियम २(अ) त्या वादात नव्हता. हा नियम सांगतो की एखादी वस्तू अपुरी असली पण तिचं मूळ स्वरूप दिसत असलं, किंवा ती सुट्या अवस्थेत सादर झाली असली, तरी तिचं वर्गीकरण पूर्ण वस्तूसारखंच करायचं. १९८६ मध्ये आपलं दरपत्रक मालाच्या वर्गीकरणाच्या जागतिक एचएसएन पद्धतीवर आलं, तेव्हापासून हा नियम प्रत्येक वर्गीकरणाच्या पाठीशी उभा असतो.

त्यानंतर विभागाला हवा तसा निकाल १९९०ला मिळाला. शार्प बिझनेस मशीन्सने फोटोकॉपी यंत्रं भागांच्या स्वरूपात आणली होती. तयार यंत्रं आणायला त्या काळी बंदी होती. बिल ऑफ एंट्री तीन, पण तिन्ही एकाच तारखेच्या, ३ फेब्रुवारी १९८७च्या. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही पूर्ण यंत्रंच आहेत, तीन कागद केल्याने त्यांचे भाग होत नाहीत. मोपेडचा निकाल इथे लागू नाही, हेही सांगितलं.

मग २००८ला सोनी इंडिया. रंगीत टीव्हीचे भाग १९९५ ते १९९७ या काळात ९४ खेपांत आले होते. विभागाने सगळ्या खेपा गोळा करून म्हटलं, हे टीव्ही संच आहेत. न्यायालयाने ते मानलं नाही. नियम २(अ) मधला 'सादर केलेला' हा शब्द धरून बसा, असं निकालाचं सार आहे: माल सीमाशुल्कापुढे एकाच वेळी सादर झाला तरच त्याला एक वस्तू म्हणायचं. दोन वर्षांत पसरलेल्या ९४ खेपा नंतर ऑफिसात बसून एकत्र करता येत नाहीत. शिवाय नुसतं स्क्रू आवळून, वेल्डिंग करून जोडणी होत असेल तरच सुटे भाग म्हणजे पूर्ण वस्तू. भागांवर आणखी प्रक्रिया करावी लागत असेल तर नाही.

शेंद्र्याचं प्रकरण या दोहोंच्या मध्ये पडतं, आणि म्हणून ते अवघड आहे. खेपा अनेक, कंटेनर अनेक, देश अनेक: हे सोनीसारखं. ठरवून साधारण एकाच सुमारास पोचणारा माल: हे शार्पकडे झुकणारं. सोनीच्या वादात विभागाला भाग जुळवून दाखवावे लागले होते. इथे कंपनीच्याच प्रणालीत गाडी आणि तिचे भाग जोडलेले आहेत, असं विभाग म्हणतो. हा नव्या काळाचा पुरावा आहे. पूर्वी अप्रेझर, म्हणजे माल तपासणारा सीमाशुल्क अधिकारी, खोकं फोडून बघायचा, आता तो सर्व्हर उघडून बघतो.

माझं मत विचाराल तर निव्वळ वर्गीकरणाच्या मुद्द्यावर कंपनीची बाजू जड आहे. सॉफ्टवेअरमध्ये गाडीची ऑर्डर दिसते हे खरं, पण सीमाशुल्क मालावर बसतं, हेतूवर नाही. जगातला कुठलाही मोटार उत्पादक आधी किती गाड्या काढायच्या हे ठरवतो आणि मग त्याप्रमाणे भाग मागवतो. तीच जर किटची व्याख्या धरली, तर देशी गाडीसाठी आणलेले सेन्सर आणि एअरबॅगही एका गाडीच्या मागणीतूनच निघालेले असतात. फरक फक्त टक्केवारीचा उरतो, आणि किती टक्के आयात झाल्यावर भागांचं किट होतं हे अधिसूचनेत कुठेही लिहिलेलं नाही. तिथे अट आहे ती गाडी पूर्ण उभी करायला लागणारे सगळे आवश्यक भाग किटमध्ये असण्याची. विभागाला ही अट 'जवळपास सगळे' अशी वाचायची आहे. करकायद्यात 'जवळपास'ला जागा हवी असेल तर ती संसदेने करायची असते.

२०११ आणि मुदत

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र इतकं सरळ बोलता येत नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे कमी भरलेलं शुल्क मागायला विभागाकडे साधारण दोन वर्षं असतात. २०१६ आधी ती मुदत एकच वर्षाची होती. आयातदाराने जाणूनबुजून खोटं सांगितलं किंवा माहिती दडवली, तर मुदत पाच वर्षं. २०२४ मधून पाच वर्षं मागे गेलं तरी २०१२ हाती लागत नाही. त्यासाठी आणखी एक दार लागतं: असेसमेंट, म्हणजे शुल्काची आकारणी, हंगामी होतं का, आणि ते अंतिम कधी झालं. परदेशातली मूळ कंपनी आणि इथली उपकंपनी यांच्यातल्या व्यवहारांत मूल्यांकनाची वेगळी चौकशी होत असल्याने हंगामी असेसमेंट ही नेहमीचीच गोष्ट आहे. असेसमेंट हंगामी असेल तर मुदतीचं घड्याळ ते अंतिम झाल्यावरच सुरू होतं.

न्यायमूर्ती बी. पी. कोलाबावाला आणि न्यायमूर्ती फिरदोश पूनीवाला यांच्या खंडपीठापुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये याच मुद्द्याचा कीस पडला. कंपनीचं म्हणणं: भाग-भाग करून आयात करण्याची आमची पद्धत आम्ही २०११ मध्येच सरकारला कळवली होती, आमच्या बाजूचा खुलासाही मिळाला होता. त्यानंतर दर वर्षी हजारो बिल ऑफ एंट्री विभागाच्या डोळ्यांसमोरून गेल्या. आता एवढ्या वर्षांनी दडवलं म्हणता येणार नाही. या मागणीने भारतातली १.५ अब्ज डॉलरची गुंतवणूक धोक्यात येईल, हेही कंपनीने पुढे केलं. विभागाने उत्तरात बोट कंपनीकडेच वळवलं: चौकशीत माहिती हप्त्याहप्त्याने दिली, म्हणून वेळ लागला. कंपनीचं म्हणणं मान्य केलं तर परिणाम भयंकर होतील. उद्या प्रत्येक जण माहिती दाबून ठेवेल आणि मग मुदत संपली म्हणून हात वर करेल.

इथे २०११ परत येतं. त्याच वर्षी किटची व्याख्या बदलली आणि दर ३०वर गेला. त्याच वर्षी कंपनीने आपली पद्धत कळवली. आणि त्याच वर्षी कलम १७ बदलून स्वयं-निर्धारण आलं. पूर्वी शुल्क किती हे अप्रेझर ठरवायचा; २०११पासून वर्गीकरण, मूल्य आणि सवलत हे सगळं आयातदार स्वतः लिहितो. बऱ्याचशा बिल ऑफ एंट्री संगणकाच्या जोखीम-चाळणीतून अधिकाऱ्याने हात न लावता पुढे जातात. न्हावा शेव्याला काम करणाऱ्या कुठल्याही सीएचएला, म्हणजे सीमाशुल्काची कागदपत्रं बघणाऱ्या एजंटाला, विचारा, ओळखीच्या मोठ्या आयातदाराचा कंटेनर किती वेळा उघडला जातो. त्यामुळे 'तुमच्या डोळ्यांसमोरून गेलं' हे कंपनीचं म्हणणं अर्धंच खरं आहे. बिल ऑफ एंट्रीवर जे लिहिलेलं असतं तेच विभागाला दिसतं. त्यावर वायरिंग हार्नेस होतं; हार्नेस कुठल्या गाडीच्या कुठल्या मागणीतून फुटून आलं, हे नव्हतं.

पण विभागाचीही यातून सुटका नाही. दर बदलल्याबरोबर एका मोठ्या कंपनीने आपण किट न आणता भाग आणतो असं कळवलं असेल, तर त्या पत्राचा अर्थ कळायला २०२२ची झडती का लागावी? तेव्हाच 'हे किट आहे' असं एका पानाचं उत्तर गेलं असतं, तर कंपनीने गाडीची किंमत तशी ठेवली असती किंवा वाद २०१२ मध्येच कोर्टात गेला असता. आयात शुल्क ग्राहकाकडून वसूल करायचं असतं. बारा वर्षांपूर्वी विकलेल्या सुपर्बच्या मालकाकडे आज कोण जाणार?

इतरांसाठी यात काय आहे

अशी नोटीस एकट्या याच समूहाला आलेली नाही. किया कंपनीलाही २०२४ मध्ये कार्निव्हल या गाडीच्या भागांवरून १५.५ कोटी डॉलरची नोटीस निघाली. आरोपाचा सांगाडा तोच: गाडी भागांत तोडून वेगवेगळ्या खेपांत आणली. म्हणजे विभागाने एक भूमिका घेतलेली आहे आणि ती तो चालवणार.

पुण्या-कोल्हापुरातले छोटे आयातदार, जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारे गॅरेजवाले, रेसिंगचे शौकीन यांना किटची भीती बाळगायचं कारण नाही. एक इंजिन आणि एक गिअरबॉक्स आणल्याने कुणी त्यांना गाडी आणली म्हणणार नाही. त्यांची चूक बहुधा उलट दिशेने होते: खोक्यात गाडीचे भाग आहेत म्हणून सगळं ८७०८ या गाडीच्या भागांच्या एकाच शीर्षकाखाली टाकायचं. दरपत्रकाच्या सतराव्या विभागाची टीप क्रमांक दोन आणि वर्गीकरणाचे इतर नियम हे चालू देत नाहीत. नट-बोल्ट ७३१८ला, बेअरिंग ८४८२ला, ऑइल फिल्टर ८४२१ला, इंजिनाचे भाग ८४०९ला, हेडलाइट आणि वायपर ८५१२ला, सीट ९४०१ला, दाराचं कुलूप ८३०१ला, काच ७००७ला, टायर ४०११ला, रबरी गॅस्केट ४०१६ला. दर वेगळे, काहींना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची, अट वेगळी. गाडीत घालायची मॅटही गाडीचा भाग नाही: उत्पादन शुल्काच्या युनि प्रॉडक्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२०ला तिला ५७०३ या गालिच्यांच्या शीर्षकात पाठवलं. एकेकटा भाग आपापल्या घरी जातो, आणि सगळे एकत्र आले की त्यांची गाडी होते. ही विसंगती नाही. दरपत्रकाची रचनाच तशी आहे, आणि शेंद्र्याचा सगळा वाद याच फटीतून आला आहे.

मधल्या आकाराच्या मंडळींनी मात्र सावध असावं. इलेक्ट्रिक तीनचाकी, विजेच्या स्कूटर, क्वाड बाइक अशा वस्तू बाहेरून सुट्या आणून इथे जोडणारे बरेच आहेत. मोटर एका कंटेनरमध्ये, फ्रेम दुसऱ्यात, बॅटरी तिसऱ्यात, आणि सगळ्यांचा पुरवठादार एकच. त्यांच्याकडे मोठं सॉफ्टवेअर नसतं, पण पुरवठादाराशी झालेले ईमेल असतात आणि व्हॉट्सअॅपवरची 'पन्नास गाड्यांचा माल पाठवा' ही ओळ असते. विभागाच्या दृष्टीने पुराव्याचं मोल तेच. तिन्ही कंटेनर एकाच आठवड्यात बंदरात आले तर सोनीचा निकाल त्यांना फार काळ वाचवणार नाही. ते शार्पच्या जवळ जाऊन बसतात.

अशांनी माल मागवण्याआधी सीमाशुल्काच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे जावं. २०२१पासून त्याची मुंबई आणि दिल्लीत पीठं आहेत. अर्जात कुठला भाग कुठून, कोणत्या क्रमाने येणार, इथे त्यावर काय काम होणार, देशी भाग कोणते, हे सगळं लिहायचं. कायद्याप्रमाणे निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि तो अर्जदारावर आणि विभागावर दोघांवर बंधनकारक असतो. अर्जात काही लपवलं असेल तर तो रद्द होतो, म्हणून ऑर्डर कशी टाकली जाते हेही त्यात यावं. निर्णय कायद्यात ठरवलेल्या मुदतीपर्यंत चालतो, किंवा मधेच कायदा अथवा वस्तुस्थिती बदलली तर तोवर. पुरवठ्याची साखळी बदलली की नवा अर्ज.